गेमिंग लॅपटॉप घेताना: खोक्यावर नसलेले आकडे

वाचकांचे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की या सदराच्या टपालात एकच विषय वर येतो. कोल्हापूर शहर, इचलकरंजी, शिरोळ, राधानगरी आणि गडहिंग्लजकडून आलेल्या पत्रांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही इथे घेतली आहेत. लॅपटॉपचे भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे रकमा अंदाजाने धराव्यात.

प्रश्न: मुलाला गोकुळ शिरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळतोय. बजेट ७० हजार, वर एक रुपया नाही. दुकानात एक पातळ, देखणा आय-सेव्हनचा लॅपटॉप दाखवला, १६ जीबी रॅमचा. त्याच किमतीत दुसरा जाडजूड, आय-फाइव्ह आणि आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला. दुकानदार म्हणतात, "वहिनी, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन!" मुलगा दुसऱ्यावर अडून बसलाय. त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए खेळायचंय हे मला कळतं, पण अभ्यासाला सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअरही लागणार म्हणतो. कुणाचं ऐकू?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर: मुलाचं ऐका. पण त्यानेही सगळं तपासलेलं नसणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंटेलच्या नावात खरी माहिती शेवटच्या अक्षरात असते. पातळ लॅपटॉपात बहुधा आय-सेव्हन १३५५यू सारखी चिप असेल. 'यू'ची चिप मुळात १५ वॅटसाठी बनवलेली. तिच्यात मोठे कोअर (काम करणारे भाग) दोन आणि छोटे आठ. आय-फाइव्ह १२४५०एच मध्ये मोठे चार, छोटे चार आणि मूळ वीज ४५ वॅट. दुकानात ब्राउझर उघडून बघितला तर दोन्ही सारखेच चपळ वाटतील. अर्धा तास गेम चालला की 'यू'ची चिप दमते. शिवाय त्या पातळ लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. प्रोसेसरमधलं आयरिस एक्स-ई असतं, आणि त्याचीही ताकद रॅमच्या दोन पट्ट्या असतील तरच लागते. एकच पट्टी असेल तर विंडोज त्यालाच 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दाखवतं आणि वेग तसाच खाली येतो. सॉलिडवर्क्सला भाग तयार करताना एका कोअरचा वेग लागतो, तर मोठी असेंब्ली फिरवून बघताना ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणजे अभ्यासालाही दुसराच लॅपटॉप बरा.

आता त्या दुसऱ्या लॅपटॉपकडे वळू. आरटीएक्स ३०५० हे नाव दोन वेगळ्या वस्तूंना आहे: एकात ४ जीबी मेमरी आणि २०४८ कोअर, दुसऱ्यात ६ जीबी आणि २५६० कोअर. स्टिकर दोन्हींवर सारखंच असतं. ६ जीबीचाच घ्या. व्हॅलोरंटला आणि जुन्या जीटीए-फाइव्हला ४ जीबी पुरते, पण नव्या गेमांना नाही. सायबरपंक २०७७ ची किमान अटच आता ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० ची आणि ७० जीबी मोकळ्या एसएसडीची आहे. कार्डाची मेमरी भरली की चित्रांचा उरलेला माल लॅपटॉपच्या रॅममध्ये ठेवावा लागतो. तिथून तो आणायला वेळ लागतो आणि गेम मध्येच अडखळतो. सरासरी फ्रेम (सेकंदाला बदलणारी चित्रं) ६० दिसतात, पण हाताला मात्र झटके जाणवतात. हा दोष सेटिंगमध्ये टेक्स्चर कमी केल्याशिवाय जात नाही, आणि कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही.

आरटीएक्स २०५० पासून लांबच राहा. नाव २००० च्या मालिकेतलं, चिप ३०५० च्या घराण्यातली, पण मेमरीचा रस्ता फक्त ६४ बिटचा. ५० हजारांच्या आतल्या बऱ्याच 'गेमिंग' लॅपटॉपांत हेच कार्ड असतं.

३०५० सोबत प्रोसेसर आय-फाइव्ह १२४५०एच, १३४२०एच किंवा रायझन ५ ७५३५एचएस यांपैकी कोणताही चालेल. या कार्डासोबत आय-सेव्हनला जास्त पैसे घालणं आम्हाला पटत नाही. तेच पैसे १६ जीबी रॅम आणि बऱ्या पडद्याकडे वळवा. दोन रायझनांबाबत मात्र सावध राहा. ७२३५एचएस ला कोअर चारच आहेत, ते सोडून द्या. ७४३५एचएस ला आठ आहेत आणि गेमला ती चिप झकास चालते, पण तिच्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. त्यामुळे नुसत्या नोट्स काढतानाही मोठं कार्ड चालू राहतं आणि बॅटरी झपाट्याने उतरते. वर्गात प्लग मिळेलच असं नसतं, म्हणून तुमच्या मुलाला ही चिप सोयीची नाही.

असा लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो आणि चार्जर वेगळा अर्धा किलोच्या आसपास. केएमटीच्या बसमधून उभ्याने रोज न्यायचा आहे, तेव्हा घ्यायच्या आधी मुलाला दोन्ही सॅकमध्ये भरून दुकानातच पाठीवर घ्यायला सांगा.

प्रश्न: दोन कंपन्यांचे लॅपटॉप बघितले. दोन्हीत आरटीएक्स ४०५० ६ जीबी, आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी. किमतीत ९ हजारांचा फरक. स्वस्त घेतला तर काय बिघडलं?
— शाहूपुरीतून एक वाचक

उत्तर: बिघडतं ते वॅटमध्ये, आणि तो आकडा सहसा खोक्यावर नसतो.

एनव्हिडिया कंपनी लॅपटॉप बनवणाऱ्यांना एकच कार्ड वेगवेगळ्या विजेवर चालवायची मुभा देते. ४०५० साठी ही मर्यादा ३५ ते ११५ वॅट इतकी रुंद आहे. याला टीजीपी म्हणतात, म्हणजे ग्राफिक्सच्या भागाला मिळणारी एकूण वीज. पातळ, हलक्या मॉडेलांत हेच कार्ड ४५ वॅटवर बांधलेलं मिळतं. जाड मॉडेलांत ९० च्या वर. ४५ वॅटचं ४०५० अनेक गेममध्ये मोकळ्या सोडलेल्या ४०५० पेक्षा पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही मागे पडतं. उलट १०० च्या पुढे फारसा फायदा दिसत नाही, म्हणून वॅटचा मोठा आकडा ठळक छापलेला पाहून जास्त पैसे मोजू नका. ८० ते १०० वॅट मिळत असतील तर कार्डाची किंमत वसूल होते.

दुकानात हे कसं बघायचं? डेमोच्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली 'सिस्टिम इन्फर्मेशन'वर टिचकी मारा आणि 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर'ची ओळ वाचा. डेमो नसेल तर कंपनीच्या साइटवर नेमक्या मॉडेल क्रमांकाचं माहितीपत्रक शोधा. मॉडेल क्रमांक म्हणजे खोक्याच्या बाजूला बारकोडजवळ असलेला लांबलचक अक्षर-आकड्यांचा गठ्ठा. नुसतं मालिकेचं नाव पुरत नाही. चार्जरवरूनही अंदाज येतो: १२० वॅटचा चार्जर दिला असेल तर कार्ड नक्की आवळलेलं आहे, १८० किंवा २३० चा असेल तर जागा आहे.

९ हजारांतला उरलेला फरक बहुतेक वेळा पडद्यात असतो. स्वस्तात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. म्हणजे रंगांचा आवाका जेमतेम ६२-६३ टक्के एसआरजीबी (पडद्यांसाठीचं नेहमीचं रंगमाप) आणि उजेड बहुधा २५० निट्स. लाल रंग विटकरी दिसतो. नुसतं खेळणाऱ्याला हे चालून जाईल. फोटो, व्हिडिओ किंवा डिझाइनची कामं घेणार असाल तर १०० टक्के एसआरजीबीचा पडदा हवा, आणि आम्ही तरी त्यासाठी ४-५ हजार जास्त मोजू.

तिसरी शक्यता रॅमची. १६ जीबी म्हणजे ८ च्या दोन पट्ट्या की १६ ची एक, ते विचारा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' उघडलं की 'स्लॉट्स यूज्ड' समोर लिहिलेलं असतं. एक पट्टी असली की प्रोसेसरला माल एकाच रस्त्याने येतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारख्या, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये त्यामुळे दहा-वीस टक्के फ्रेम जाऊ शकतात.

प्रश्न: गेल्या वर्षी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला, "नंतर टाकू" म्हणून. आता टाकायची आहे. कोणती घेऊ?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर: आधी लॅपटॉपात डीडीआर४ आहे की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) ते बघा. पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही. मग रिकामा स्लॉट आहे का ते पाहा. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते. स्लॉट असेल तर आधीच्या पट्टीइतक्याच जीबीची आणि त्याच वेगाची घ्या. कंपनी वेगळी चालेल, पण वेग वेगळा असेल तर दोन्ही पट्ट्या हळू पट्टीच्या चालीने चालतात. बसवताना चार्जर काढा, खालचं झाकण उघडल्यावर बॅटरीची पिनही काढा, पट्टी ३० अंशात तिरकी घालून खाली दाबा; दोन्ही बाजूच्या चिमट्यांचा 'टक' आवाज यायला हवा. पहिल्यांदा चालू करताना पडदा एक-दोन मिनिटं काळा राहिला तर घाबरू नका. डीडीआर५ ची नवी पट्टी ओळखायला मशीन तेवढा वेळ घेतं. बटण दाबून बंद केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

रॅमचे भाव मात्र २०२५ च्या उत्तरार्धापासून जगभर चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी एआय सर्व्हरच्या मालाकडे तोंड वळवलं. त्यामुळे "८ चा घेऊन नंतर वाढवू" हा जुना हिशेब आता दर वेळी फायद्याचा निघत नाही. नवीन घेणाऱ्यांनी दोन्ही बेरजा आधी मांडाव्यात.

प्रश्न: बजेट ४५ हजार. नवीन काही बसत नाही. पुण्या-मुंबईहून आलेले जुने लॅपटॉप आमच्याकडे विकायला येतात. घ्यावा का, आणि घेताना काय बघावं?
— गडहिंग्लजचा एक वाचक

उत्तर: घ्यावा. ४५ हजारांत आरटीएक्स २०५० चा नवा लॅपटॉप कसाबसा मिळवण्यापेक्षा आरटीएक्स २०६० ६ जीबीचा जुना घेतला तर गेम जास्त चांगला चालतो. जीटीएक्स १६६० टीआय ६ जीबी हाही भक्कम पर्याय आहे. त्यात डीएलएसएस नाही एवढंच. डीएलएसएस म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करायची युक्ती, आणि कमी बजेटवाल्याला ती फार कामाला येते. जीटीएक्स १०५०, १०५० टीआय, १०६० हे मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. एनव्हिडियाने त्या पिढीला गेमचे नवे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं आहे. जीटीएक्स १६५० पासून पुढच्यांना ते मिळत आहेत.

व्यवहार दिवसा, प्लग असलेल्या ठिकाणी करा आणि किमान तासभर हाताशी ठेवा. विकणारा घाई करत असेल तर निघून या.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगपासून. मशीन चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे कळ बदलते) आत जाता येतं का ते पाहा. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच मोडा. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेल्या मशीनवर हे कुलूप असतं आणि ते काढणं तुमच्या-आमच्या हातचं काम नाही. आत गेलात तर तिथे दिसणारा सिरियल नंबर खालच्या झाकणावरच्या नंबराशी ताडून बघा. जुळत नसेल तर बोर्ड किंवा झाकण बदललंय. तिथेच टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंगं चालू आहेत का ते बघा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला हे दोन्ही लागतात. नसतील तर 'व्हॅन ९००१' अशी चूक दाखवून गेम बंद पडतो. प्रोसेसर इंटेलच्या ८ व्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. एक पान तयार होतं आणि ते कुठे ठेवलंय तो पत्ता खाली दिसतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' ५७,००० आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' ३८,००० असेल तर बॅटरी ६७ टक्क्यांवर आली. सत्तरच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत विचारून ती सरळ भावातून वजा करायला सांगा. पोट फुगलेलं असेल, म्हणजे टचपॅड वर आलेलं किंवा झाकण टेबलावर डुगडुगतंय, तर पुढचं काहीच तपासू नका.

एसएसडीचं आरोग्य 'क्रिस्टलडिस्कइन्फो'त टक्क्यांत दिसतं. कार्डावर ताण देणारं 'फरमार्क' १५ मिनिटं चालवा, सोबत तापमान दाखवणारं 'एचडब्ल्यूइन्फो' उघडं ठेवा. कार्डाचं तापमान चढून ८० च्या घरात स्थिरावलं तर ठीक. ८७ ला टेकून वेग घसरायला लागला तर आत धूळ आहे किंवा चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. हे काही शेकड्यांत निस्तरतं. पण पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा दिसल्या तर चिपच चालली आहे असं समजा. बिजागरी शेवटी बघा: पडदा एका हाताने, कोपऱ्याला धरून उघडा. करकरला किंवा खालच्या झाकणाला फट पडली तर प्लास्टिकमधले स्क्रूचे बोळे तुटलेत. ही दुरुस्ती टिकत नाही.

प्रश्न: आमचं घर यंत्रमागाच्या शेडला लागून. आठ महिन्यांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आता गेम सुरू केला की दहा मिनिटांत रडतो. पंखा इतका ओरडतो की खालून वडील विचारतात. प्रोसेसर ९७ अंशांवर. कंपनीची चूक का?
— इचलकरंजी

उत्तर: बहुतेक हवेची. सुताचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि पंखा व तांब्याच्या पट्ट्यांची जाळी यांच्या मधल्या जागेत साठतात. सुटी धूळ वाऱ्याबरोबर निघूनही जाते. तंतू एकमेकांत अडकून त्यांचा जाड नमदा बनतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, पण वारा बाहेर पडत नाही. मागच्या झरोक्यापाशी हात धरा. पंखा ओरडत असताना तिथे गरम झोत लागत नसेल तर हेच कारण.

बाहेरून फुंकून हे निघत नाही, उलट नमदा पंख्याच्या पात्यांवर सरकतो. झाकण उघडावंच लागतं. वॉरंटीत असाल तर आधी कंपनीला विचारून घ्या. काही कंपन्या झाकण उघडू देतात, काही स्क्रूवर सील लावतात. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचे स्क्रू काढून कागदावर त्याच आकृतीत मांडा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डला वर टेंगूळ येतं. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने उचला. सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा. मग पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि चिमट्याने नमदा उचला. तो बहुधा अख्खाच निघतो. उरलेलं मऊ कोरड्या ब्रशने.

माग साफ करायचा कॉम्प्रेसर इथे आणू नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात, आणि दाब इतका की मोकळा पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको. त्याच्या नळीवर साठलेली स्थिर वीज बोर्डावर उतरू शकते.

साफ केल्यावरही तापमान उतरलं नाही तरच पेस्टकडे वळा, आणि ते काम माहीतगाराकडून करून घ्या. काही मॉडेलांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीज वाहून नेतं. एक थेंब बाजूला पडला की बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याला ही गोष्ट आधीच विचारा. त्याला माहीत नसेल तर लॅपटॉप उचला.

तुमच्या घरी ही सफाई दर तीन महिन्यांनी धरा. एरवी शहरात वर्षातून एकदा पुरते. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या चादरीवर नको. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून टेबलावर ठेवा, शेडच्या दाराकडे तोंड न करता. उन्हाळ्यात तरीही तापत असेल तर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, तापमान बरंच उतरतं आणि ६० फ्रेमवर खेळणाऱ्याला फरक फारसा कळत नाही.

प्रश्न: उसाचा दुसरा हप्ता दिवाळीआधी येईल म्हणतात. वडील म्हणतात तेव्हा बघू. तोवर नवीन मॉडेल येतील का, थांबू का?
— शिरोळ

उत्तर: हप्ता वेळेवर येतो का ते तुला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. लॅपटॉपपुरतं सांगायचं तर नव्या पिढीसाठी थांबू नकोस, सेलसाठी थांबायला हरकत नाही. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये सूट बहुतेक वेळा मागच्या पिढीच्या मालावर असते, आणि तुझा फायदा तिथेच. आरटीएक्स ५०५० मध्ये ८ जीबी मेमरी आहे. तो ४०५० पेक्षा पाच-सहा हजारांनीच महाग दिसला तर तोच घे, दोन जादा जीबी पुढची तीन वर्षं उपयोगी पडतील. फरक पंधरा हजारांचा असेल तर ४०५० पुरे. आणि कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होऊन लॅपटॉप रोज लागणार असेल तर तीन महिने दुसऱ्याकडे मागत फिरण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न: लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण गेम एकदम ३० फ्रेमवर येतो. बॅटरी खराब आहे का? इन्व्हर्टर घेतला तर चालेल?
— राधानगरी तालुका

उत्तर: बॅटरी ठीक आहे. प्रोसेसर आणि कार्ड मिळून दीडशे वॅट मागतात. बॅटरी तेवढं देऊ शकत नाही, म्हणून मशीन स्वतःच वीज आवळतं. नेमके ३० म्हणजे एनव्हिडियाचं 'बॅटरी बूस्ट' चालू आहे. ते एनव्हिडिया अ‍ॅपमध्ये बंद करता येतं, पण मग चार्ज पाऊण तासात संपेल.

इन्व्हर्टर चालतो. साइन वेव्हचा घ्या. स्वस्त चौकोनी वेव्हवर चार्जर गुणगुणतो आणि जास्त तापतो. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती साधारण हजार लागतात. खेळताना लॅपटॉप १८० वॅट घेतो असं धरलं तर नुसता तो पाच तास. सोबत एक पंखा आणि दिवे असतील तर चारच्या आत. ऑनलाइन खेळणाऱ्यांचा खरा घोळ राउटरचा असतो. लॅपटॉप चालू आणि नेट गेलेलं! राउटरच्या चार्जरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून तेवढ्याच व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या.

प्रश्न: चार्जिंगला लावून खेळताना हाताला झिणझिण्या येतात. मित्र म्हणतो सगळ्यांनाच येतात. खरं का?
— अकरावीतला वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अडॅप्टर लावलायस ना? किंवा जुन्या घरातल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल. चार्जरमधून थोडी वीज गळून धातूच्या अंगावर येते आणि अर्थिंगवाटे निघून जाते. ती वाट नसली की ती तुझ्या हातातून जाते. जीवघेणी नाही, पण दुर्लक्षही करू नकोस. घरच्यांना सांगून वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घे. दोन पिनांचा अडॅप्टर काढून टाक.

प्रश्न: ऑनलाइन की राजारामपुरीतलं दुकान? आणि 'नो कॉस्ट ईएमआय' खरंच फुकट असतो?
— कळंबा

उत्तर: पूर्ण फुकट नसतो. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता आधीच देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. व्याज ५ हजार असेल तर ९०० रुपये, वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोखीने घेताना जी सूट मिळाली असती ती ईएमआयवर मिळते का, ते विचारा.

दुकान आणि ऑनलाइन यांत वॉरंटी सारखीच, कारण ती कंपनीची असते. बघायचं ते असं: कंपनीच्या साइटवर तुमचा पिनकोड टाकून सेवा घरी येऊन देतात का ते पाहा. शहरासाठी ४१६००१ टाकून मिळालेलं उत्तर गगनबावड्याला लागू होईलच असं नाही. दुकानात दोन-तीन हजार जास्त पडत असतील आणि ते खोकं तुमच्यासमोर उघडून, चालू करून, पडदा पांढरा-काळा-लाल करून मेलेले ठिपके दाखवत असतील, तर आम्ही दुकानातून घेऊ. बिलावर सिरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक हवाच. ऑनलाइन मागवलंत तर खोक्याची चिकटपट्टी फाडल्यापासून चालू होईपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा. पडणं, पाणी सांडणं यासाठीची वेगळी वॉरंटी बहुतेक कंपन्या खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच विकतात. हॉस्टेलवर राहणाऱ्याने ती घ्यावी, घरी टेबलावर ठेवणाऱ्याने नाही घेतली तरी चालेल.

थोडक्यात

कूलिंग पॅड घ्यावा का? आधी मागे दोन पुस्तकं ठेवून उंची द्या. त्याने तीन-चार अंश उतरले तर पॅडचे पैसे वाचले.

दिवसभर चार्जरवर ठेवला तर चालेल? चालेल, पण कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग चालू करा. भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

टाइप-सीच्या ६५ वॅट चार्जरवर गेम चालेल? सुरू होईल, पण कार्डाला वीज अपुरी पडेल आणि खेळताखेळता बॅटरी उतरत जाईल. तो चार्जर कॉलेजला न्यायला ठेवा.

५१२ जीबी पुरते? दोन-तीन मोठ्या गेमांत भरते. एसएसडीसाठी एम.२ चा दुसरा स्लॉट असलेलं मॉडेल निवडलंत तर पुढे १ टीबी जोडता येते, जुनी काढावी लागत नाही.

१४४ हर्ट्झचा पडदा घेतला, पण फरक दिसत नाही? सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. बहुतेक वेळा तिथे ६० च निवडलेलं सापडतं.